इंजिनातला व्हॉल्व्ह शंभर वर्षांत बदलला का नाही?

प्रश्न : माझ्या गाडीच्या इंजिनाचं हेड कामासाठी उघडलं होतं. मेकॅनिकने आतले १६ व्हॉल्व्ह काढून ओळीने मांडले. आमच्या घरी पूर्वी अँबॅसिडर होती, तिच्या हेडचं काम निघालं तेव्हाही अगदी असेच व्हॉल्व्ह पाहिल्याचं आठवतं. लांब दांडा आणि टोकाला गोल, पसरट तबकडी. संख्या वाढली, पण आकार तोच. टीव्ही बदलले, फोन बदलले, गाडीत संगणक आला, मग हा एक तुकडा तसाच कसा राहिला? कंपन्यांना नवं काही सुचत नाही, की सुचलेलं त्या दाबून ठेवतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अँबॅसिडरमधलाच कशाला, शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीतला व्हॉल्व्ह आजच्या मेकॅनिकच्या हातात दिला तरी तो काय आहे हे त्याला सांगावं लागणार नाही. मात्र तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. पहिली, व्हॉल्व्हचा आकार आणि भोक बंद करण्याची त्याची पद्धत. दुसरी, त्याला उघडझाप करायला लावणारी यंत्रणा. पहिली गोष्ट जवळजवळ स्थिर आहे. दुसरी बरीच बदलली, पण सावकाश. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. दाबून ठेवलेल्या शोधाचा संशयही आपण तपासून पाहू.

व्हॉल्व्हला नेमकं काय करावं लागतं?

पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या आपल्या मोटारींची इंजिनं फोर-स्ट्रोक असतात. पिस्टन खाली जाताना हवा आत घेतो, वर येताना ती दाबतो, इंधन जळल्यावर खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर काढतो. हवा आत घ्यायला इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि धूर बाहेर सोडायला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मधल्या दोन टप्प्यांत, म्हणजे हवा दाबताना आणि इंधन जळताना, दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद हवेत. तिथे थोडी जरी गळती झाली तरी ताकद जाते.

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य आसाच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून बंद होतो. आता आयुष्याचा हिशेब करू. गाडी ताशी सरासरी ४० किलोमीटरने २ लाख किलोमीटर धावली, तर इंजिन ५,००० तास चाललं. त्या काळात त्याचा वेग सरासरी २,००० फेरे धरला, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सुमारे ३० कोटी वेळा उघडला आणि मिटला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची तबकडी हे काम करताना ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते. लोखंड त्या तापमानाला लालसर दिसू लागतं.

म्हणजे ‘भोक उघडा आणि बंद करा’ एवढीच ही मागणी नाही. लाल होईपर्यंत तापलेलं असताना, तेलाच्या आधाराशिवाय, ३० कोटी वेळा, न गळता बंद व्हा आणि हे सगळं स्वस्तात करा, अशी ती मागणी आहे. नव्या कल्पनेला या सगळ्या अटींवर एकाच वेळी उतरावं लागतं.

मग हाच आकार का टिकला?

याचं मुख्य कारण तुमच्या स्वयंपाकघरात सापडेल. हॉकिन्सच्या जुन्या धाटणीच्या कुकरचं झाकण आतून बसतं. वाफेचा दाब जसा वाढतो, तसं ते काठावर अधिक घट्ट दाबलं जातं. आत दाब असताना ते उघडता येत नाही. इंजिनाच्या व्हॉल्व्हची तबकडीही अशीच ज्वलनकक्षाच्या आतल्या बाजूने बसकेवर, म्हणजे सीटवर टेकते. स्फोटाचा दाब तिला सीटवरच रेटतो.

हा रेटा किती असतो? साध्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या वेळी दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोग्रॅमच्या घरात दाब जातो. डिझेल इंजिनात तो याच्या दुपटीहून अधिक असू शकतो. तबकडीचा व्यास ३० मिलिमीटर धरला, तर तिचं क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे स्फोटाच्या क्षणी तिच्यावर सव्वाचारशे किलोंचा भार येतो आणि तो तिला बंद ठेवण्याच्याच दिशेने. स्प्रिंगचा जोर त्याच्या तुलनेत फारच कमी असतो. तिचं काम व्हॉल्व्ह वेळेवर परत आणण्याचं. गळती थांबवण्याचं मोठं काम तो स्फोटच करतो.

दुसरा फायदा घर्षणाचा. बंद होताना तबकडी सीटवर सरळ येऊन टेकते, घासत नाही. त्यामुळे स्फोट होतो त्या जागी तेल लावावं लागत नाही. घासतो तो दांडा, पण तो तुलनेने थंड असलेल्या नळीत, म्हणजे गाइडमध्ये सरकतो आणि त्याला थोडंसं तेल पुरतं. तिसरा फायदा थंड होण्याचा. तबकडीतली बहुतेक उष्णता ती सीटवर टेकलेली असताना हेडमध्ये जाते आणि तिथून कूलंटच्या पाण्यात.

चौथा फायदा दुरुस्तीचा. सीट थोडी झिजली तर ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह पुन्हा बसवता येतो. हे काम तालुक्याच्या गावातलं गॅरेजही करतं. वळण असलेली, मापात अवघड अशी बाजू इथे कुठेच नाही. गोल दांडा, गोल तबकडी आणि ४५ अंशांच्या आसपास उतरती कड. हे सगळं लेथ आणि ग्राइंडिंगच्या यंत्रावर लाखोंच्या संख्येने करता येतं.

त्यात दोष नाहीतच का?

आहेत, आणि ते इंजिनिअर मंडळींना पहिल्या दिवसापासून माहीत आहेत. उघडल्यावरही तबकडी वाटेतच राहते, त्यामुळे हवेला तिला वळसा घालून जावं लागतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून जळू शकतो. इंजिन फार वेगाने फिरलं तर स्प्रिंग वेळेत परत येत नाही आणि व्हॉल्व्ह कॅमची, म्हणजे त्याला ढकलून उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याची, साथ सोडतो. प्रत्येक वेळी स्प्रिंग दाबण्यात थोडी ताकदही जाते. हे दोष पाहूनच अनेकांनी दुसरे मार्ग शोधले. त्यांतले काही चालले, विकले गेले, गाजलेसुद्धा. म्हणूनच शोध दाबून ठेवल्याचा संशय टिकत नाही. ते रस्त्यावर आले होते.

सरकणारी झडप : स्लीव्ह व्हॉल्व्ह

सरकणारी झडप ही तबकडीनंतर सुचलेली सुधारणा असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. वाफेच्या इंजिनात सरकत्या झडपा सर्रास होत्या. निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या फोर-स्ट्रोक इंजिनातही मिश्रण आत घ्यायला आणि पेटवायला सरकती झडप होती. इंजिनाचा वेग आणि उष्णता वाढली, तशी ती मागे पडली आणि तबकडीचा व्हॉल्व्ह पुढे आला.

सरकत्या झडपेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा डोकं वर काढलं. त्या काळी चांगलं पोलाद मिळत नव्हतं, व्हॉल्व्ह जळत, स्प्रिंगा तुटत आणि इंजिनाचा खडखडाट मोठा असे. चार्ल्स येल नाइट या अमेरिकन गृहस्थाने पिस्टनभोवती दोन पातळ नळ्या बसवल्या. त्या वरखाली सरकत आणि त्यांच्यातली भोकं एकमेकांसमोर आली की वाट खुली होई. यात आपटणारं काहीच नसल्यामुळे इंजिन विलक्षण शांत चाले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने ते स्वीकारलं आणि १९०९ मध्ये त्यासाठी तिला रॉयल ऑटोमोबाइल क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. बेल्जियमची मिनर्व्हा, फ्रान्सच्या पानार आणि व्हॉइसिन, अमेरिकेची विलीज-नाइट अशा अनेक नावाजलेल्या मोटारींत ही पद्धत आली. ब्रिटिश राजघराण्याच्या डेमलर गाड्याही याच इंजिनांवर चालत.

मग ही पद्धत गेली कुठे? तिचा मोठा शत्रू तेल. पिस्टन आणि नळ्या यांच्यामध्ये सतत घासणं चालू, म्हणून भरपूर तेल लागे. ते तेल भोकांवाटे आत जाऊन जळे आणि मागे निळसर धूर सोडे. मेकॅनिक ज्याला ‘गाडी ऑइल खाते’ म्हणतात, ते या इंजिनात नवी गाडी असतानाच होत असे. दोन नळ्या अचूक मापात करणं खर्चिक होतं. तोपर्यंत साध्या व्हॉल्व्हचं पोलाद सुधारलं, आवाजही कमी झाला. विलीज-नाइटचं उत्पादन १९३३ मध्ये थांबलं आणि इतर कंपन्याही त्याच सुमारास साध्या व्हॉल्व्हकडे वळल्या.

विमानांत मात्र या पद्धतीने मोठा पराक्रम केला. ब्रिस्टल कंपनीत रॉय फेडन यांनी एकाच नळीची सुधारित रचना घेऊन हर्क्युलिस इंजिन तयार केलं आणि त्याचे ५० हजारांहून अधिक नग निघाले. दुसऱ्या महायुद्धातली ब्युफायटर विमानं त्यावर उडाली. १९५० च्या दशकात इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात असलेली व्हिकर्स व्हायकिंग प्रवासी विमानंही हर्क्युलिसवरच उडत. नेपियर सेबर हे २४ सिलिंडरचं इंजिनही स्लीव्ह व्हॉल्व्हचंच. पण सुरुवातीला त्याच्या नळ्या वाकड्या होत आणि इंजिनं निकामी होत. ब्रिस्टलने नळी बनवण्याची खास रीत शोधून काढली होती, ती उसनी घेतल्यावरच सेबर नीट चाललं. पुढे जेट इंजिन आलं आणि हा सगळा अध्याय संपला.

त्याच युद्धात स्पिटफायर विमानाचं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन मात्र साध्या तबकडीच्या व्हॉल्व्हवर चाललं, आणि तेही कुठे कमी पडलं नाही. असं का झालं हे पाहिलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

जुन्या रचनेने प्रतिस्पर्ध्याचा मुद्दाच काढून घेतला

स्लीव्ह व्हॉल्व्हच्या बाजूने हॅरी रिकार्डोंसारखे थोर अभियंते उभे होते, कारण तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमुळे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागे. नळीच्या रचनेत असा लाल तुकडाच नव्हता. पण १९२० च्या दशकात सॅम हेरॉन यांनी व्हॉल्व्हचा दांडा पोकळ करून त्यात सोडियम भरण्याची युक्ती कामाला लावली. सोडियम ९८ अंशांना वितळतो, व्हॉल्व्हच्या उघडझापेबरोबर आत हिंदकळतो आणि तबकडीची उष्णता दांड्यावाटे गाइडकडे नेतो. बाहेरून व्हॉल्व्ह तसाच, आतून मात्र पार वेगळा. त्याच काळात पेट्रोलची ठोके न देता जळण्याची क्षमता, म्हणजे ऑक्टेन, वाढत गेली. नव्या रचनेचं मुख्य बळ या दोन सुधारणांनी काढून घेतलं.

हाच क्रम पुढे पुन्हा पुन्हा दिसतो. हवा पुरेशी आत जात नाही? दोनाऐवजी चार व्हॉल्व्ह लावा, नाहीतर टर्बोचार्जरने हवा आत ढकला. सीट झिजते? हेडमध्ये अधिक कठीण धातूची कडी बसवा. दोष ज्या अवयवात आहे तो बदलण्याऐवजी शेजारच्या अवयवात स्वस्त सुधारणा करून तो दोष निभावून नेता आला.

शिसंरहित पेट्रोलचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. पेट्रोलमधलं शिसं जळताना सीटवर पातळ थर धरे आणि झीज कमी करी. भारतात १९९५ पासून चार महानगरांत आणि २००० पासून देशभर शिसंरहित पेट्रोल आलं. त्यामुळे मऊ बीडाच्या सीटना धोका होता. उपाय निघाला तो कठीण सीटचा. व्हॉल्व्हची मूळ रचना तशीच राहिली.

फिरणारी झडप तरी का नाही?

फिरणारी नळी किंवा गोळा बसवून त्याच्या भोकातून हवा सोडायची, ही कल्पनाही जुनी आहे. इंग्लंडमध्ये रोलंड क्रॉस आणि फ्रँक ॲस्पिन यांनी तशी इंजिनं चालवून दाखवली. कागदावर ती फारच देखणी दिसते. आपटणं नाही, स्प्रिंग नाही, वाटेत तबकडी नाही.

अडचण दाबाच्या दिशेची. इथे स्फोटाचा दाब फिरणाऱ्या भागाला एका बाजूने रेटतो. तो भाग घरात सैल ठेवला तर वायू गळतो, घट्ट ठेवला तर तापल्यावर फुगून अडकतो. मध्ये तेल सोडलं तर ते जळतं. साध्या व्हॉल्व्हमध्ये जो दाब मदतीला येतो, तोच इथे विरोधात जातो. ज्वलनाच्या जागी सरकणाऱ्या किंवा फिरणाऱ्या प्रत्येक रचनेला शेवटी हाच प्रश्न गाठतो. धुरावरचे कायदे आल्यापासून तो आणखी अवघड झाला. जळलेल्या तेलातलं फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याला हळूहळू निकामी करतं. नवं असतानाच तेल पिणारं इंजिन आज विक्रीलाच उभं राहू शकणार नाही.

शर्यतीत तर खर्चाची पर्वा नसते, तिथे का नाही बदललं?

हा प्रश्न योग्य आहे आणि शर्यतीत प्रयोग झालेही. मर्सिडीजच्या १९५४ च्या डब्ल्यू १९६ या ग्रां प्री गाडीत स्प्रिंगच काढून टाकली होती. एक कॅम व्हॉल्व्ह उघडे, दुसरा ओढून बंद करी. याला डेस्मोड्रोमिक म्हणतात. इटलीच्या डुकाटीत फाबियो ताल्योनी यांनी १९५६ मध्ये ही पद्धत मोटारसायकलला लावली आणि पुढे ती त्या कंपनीची ओळख झाली. रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात लोखंडी स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू वापरला. त्यामुळे पुढे शर्यतीची इंजिनं मिनिटाला १९–२० हजार फेऱ्यांपर्यंत गेली.

या तिन्ही प्रयोगांत व्हॉल्व्ह तबकडीचाच राहिला. बदलली ती त्याला परत आणण्याची पद्धत. आता तर फॉर्म्युला वनचे नियमच तबकडीचा व्हॉल्व्ह हवा असं सांगतात, त्यामुळे तिथला मार्ग नियमानेच बंद झाला आहे. डुकाटीने २०२० मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही ४ साठी आणलेल्या इंजिनात पुन्हा साधी स्प्रिंग घेतली. कारण व्यवहाराचं होतं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हमागची फट, तपासायची वेळ ६० हजार किलोमीटरवर गेली, आणि लांब पल्ल्याच्या गाडीच्या मालकाला तेच हवं असतं.

संगणकानेच व्हॉल्व्ह का हलवू नये?

कॅमशाफ्ट काढून प्रत्येक व्हॉल्व्ह विजेच्या चुंबकाने किंवा दाबलेल्या हवेने हलवायचा, ही आजच्या काळाला साजेशी कल्पना आहे. अनेक कंपन्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. स्वीडनच्या कोनिगसेगशी संबंधित फ्रीव्हॉल्व्ह कंपनीने दाबलेल्या हवेवर चालणारी रचना गाडीत बसवून दाखवली. २०१६ मध्ये चीनच्या कोरोस कंपनीने तिच्यावरची नमुना-गाडी प्रदर्शनात ठेवली. मोठ्या उत्पादनात मात्र ही पद्धत आलेली नाही.

इथे अडचण टेकण्याची आहे. कॅमचा आकार असा घासलेला असतो की व्हॉल्व्ह वेगाने निघतो, पण सीटजवळ येताना अगदी हळू होतो. हे काम एका लोखंडी तुकड्याच्या वळणात कायमचं कोरलेलं असतं, त्याला वीज लागत नाही आणि ते चुकत नाही. चुंबकाची ओढ मात्र लोखंड जवळ आलं की एकदम वाढते, म्हणजे नेमकं हळू व्हायच्या वेळीच व्हॉल्व्ह जोरात आपटतो. ते आवरायला सेन्सर, वीज आणि क्षणाक्षणाचं नियंत्रण लागतं. त्यात एकदा जरी चूक झाली, तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकू शकतो. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकलेली गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या चुकीची किंमत ठाऊक आहे.

त्यामुळे बहुतेक कंपन्यांनी मधला मार्ग घेतला. कॅम ठेवायचा, पण त्याची वेळ किंवा उचल बदलती करायची. होंडाने १९८९ मध्ये व्हीटेक आणलं, त्यात वेग वाढला की दुसरा, उंच कॅम कामाला लागतो. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये व्हॉल्व्हट्रॉनिक आणलं, त्यात उचलच कमी-जास्त करता येते. फियाटने २००९ मध्ये मल्टिएअर आणलं, त्यात कॅम आणि इनटेक व्हॉल्व्ह यांच्यामध्ये तेलाचा स्तंभ असतो आणि संगणक ते तेल सोडून व्हॉल्व्ह लवकर मिटवू शकतो. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या जीप कंपासच्या १.४ लिटर पेट्रोल इंजिनात हीच पद्धत होती. तुमच्या मेकॅनिकने ओळीने मांडलेल्या व्हॉल्व्हकडे पाहून यातला फरक कधीच कळणार नाही, कारण तो व्हॉल्व्हमध्ये नसून त्याच्या मागे आहे.

मग हे बदल तरी इतके सावकाश का?

प्यूजोच्या १९१२ च्या ग्रां प्री गाडीत वर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. तुमच्या आजच्या गाडीत जे आहे, ते शंभर वर्षांपूर्वीच सुचलेलं होतं. सर्वसामान्यांच्या गाडीत ते सर्रास दिसायला विसावं शतक संपत आलं.

मधला काळ वाया गेला असं मात्र नाही. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये असत. ही साइड-व्हॉल्व्ह रचना स्वस्त होती, हलक्या पेट्रोलवर चाले आणि हेड उघडणं सोपं होतं. चांगलं पेट्रोल मिळू लागल्यावर हवा अधिक दाबता येऊ लागली, आणि मग या रचनेचा पसरट ज्वलनकक्ष आड आला. तेव्हा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. हे स्थित्यंतर आपल्या रस्त्यांवरही दिसलं. विलीज सीजे-३बी जीप महिंद्राने आपल्याकडे तयार केली, तिच्यात इनटेक व्हॉल्व्ह वर आणि एक्झॉस्ट बाजूला, असा अर्धा प्रवास झालेला होता. अँबॅसिडर सुरुवातीला साइड-व्हॉल्व्ह इंजिन घेऊन आली आणि १९५९ मध्ये तिला १,४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन मिळालं. १९८३ च्या मारुती ८०० मध्ये कॅमशाफ्टही वर गेला होता. तिथे तीन सिलिंडरना सहा व्हॉल्व्ह होते, पुढे अल्टोच्या ८०० सीसी इंजिनात ते १२ झाले.

प्रत्येक पायरीला इतका वेळ लागतो, कारण इंजिन एकटं बदलत नाही. हेडचा साचा बदलला की ओतकामापासून यंत्रांच्या रांगेपर्यंत सगळं बदलतं. तो खर्च लाखो इंजिनांवर वाटला तरच परवडतो. म्हणून एकदा जमलेलं इंजिन कंपन्या वीस-वीस वर्षं चालवतात. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल घ्या. ते २००३ मध्ये आलं, रांजणगावलाही तयार झालं, मारुती, टाटा, फियाट अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं आणि २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले तेव्हाच भारतातून गेलं.

शिवाय नव्या इंजिनाला टेस्ट बेडवर शेकडो तास पूर्ण भाराखाली चालवावं लागतं. मग थंडी, उष्णता, घाट आणि धूळ यांत गाड्या फिरवाव्या लागतात. त्यानंतर धुराच्या चाचण्या, आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रमाणपत्र आणि शेवटी वॉरंटीची जोखीम. व्हॉल्व्हचा दोष लगेच दिसत नाही, तो पन्नास हजार किलोमीटरनंतर बाहेर येतो. तोवर लाखभर गाड्या रस्त्यावर गेलेल्या असतात. म्हणून इथे सावधपणा ही शहाणपणाची गोष्ट आहे.

दोन-तीन गैरसमज

जास्त व्हॉल्व्ह म्हणजे नेहमीच जास्त ताकद, असं नाही. चार व्हॉल्व्हचा फायदा मुख्यतः वरच्या वेगात मिळतो, कारण तेव्हा हवेला वाट कमी पडते. संथ चालणाऱ्या इंजिनाला दोनही पुरतात.

जुन्या बजाज चेतकमध्ये असे व्हॉल्व्ह नव्हतेच, मग मोटारीत ते काढता येणार नाहीत का, असंही विचारलं जातं. चेतक टू-स्ट्रोक होती. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडे आणि झाकी. पण त्यात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जाई आणि तेलही पेट्रोलबरोबर जळे. धुराचे नियम कडक झाल्यावर त्या स्कूटर गेल्या, त्या याच कारणाने.

नवं इंजिन म्हटल्यावर त्यात नवा व्हॉल्व्ह असणारच, हाही समज सोडून द्यावा. धातू, लेप, सीटचा कोन, दांड्याची जाडी हे सगळं सतत बदलतं. दिसत नाही एवढंच.

पुढे काय?

विजेच्या गाडीत हवा आत घ्यायची नसते, धूर सोडायचा नसतो, त्यामुळे व्हॉल्व्हही नसतो. संशोधनाचा पैसा आता बॅटरी आणि मोटरकडे वळला आहे. ज्वलन इंजिनासाठी पूर्ण नवी झडप शोधून, ती तपासून, तिचे कारखाने उभारायला आता फार थोड्या कंपन्या धजावतील. तेव्हा इंजिन असेतोवर हाच व्हॉल्व्ह राहील, असं मानायला हरकत नाही. तो टिकला तो कुणी प्रतिस्पर्ध्याला दडपल्यामुळे नाही. ज्या स्फोटाला तोंड द्यायचं, त्याचाच जोर त्याला बंद ठेवायला कामी येतो आणि हे इतक्या स्वस्तात दुसऱ्या कुणाला साधलं नाही, म्हणून तो टिकला.

तुमचं हेड उघडलंच होतं म्हणून एक सांगतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, सीटकडे उष्णता जात नाही आणि त्याची कड जळते. सीएनजी कोरडा वायू असल्यामुळे त्यावर चालणाऱ्या गाडीत ही झीज लवकर होते. तुमच्या इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट असतील तर फट आपोआप सांभाळली जाते. नसतील तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराला फिलर गेज लावून ती तपासून घ्या. टॅपेटचा आवाज आला की लोक लगेच गॅरेज गाठतात. पण फट कमी झाली की आवाज वाढत नाही, उलट कमी होतो, म्हणून आवाजाची वाट पाहू नका.